अंकांतून उमटणारे पान : दस्तऐवजाची फाइल ब्राउझरात कशी उघडते?

छापील पुस्तकाचा एक मोठा गुण असा की, ते वाचण्यास डोळे आणि उजेड यांखेरीज कशाचीही गरज लागत नाही. अक्षरे कागदावर असतात आणि जी असतात तीच दिसतात. संगणकाच्या पडद्यावरील पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. तेथे साठवलेली असते ती केवळ अंकांची एक लांबलचक रांग. त्या रांगेवरून दर वेळी पान नव्याने रचावे लागते, आणि वाचून होताच ते रचलेले पान मोडते. ही रचना कशी होते, ती कोठे बिघडू शकते आणि त्या बिघाडाचा मराठी वाचकाशी काय संबंध आहे, हे समजावून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

विषय डोळ्यांपुढे राहावा म्हणून एक ओळखीचे उदाहरण घेऊ. पुण्यात १९६७ साली स्थापन झालेली महाराष्ट्राची पाठ्यपुस्तक संस्था ‘बालभारती’ आपली पुस्तके छापील प्रतींबरोबर पीडीएफ या स्वरूपात आपल्या संकेतस्थळावरही उपलब्ध करून देते. इकडे छत्तीसगडात, भिलाई नगरातील कुरुद या भागात, एखाद्या घरी मराठी बोलली जाते असे समजा. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशाच्या नाना प्रांतांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत मराठी भाषकही होते. अशा घरातील मुलाला मराठीचे पाठ्यपुस्तक हवे असेल तर ते जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही. परंतु ब्राउझर उघडून संकेतस्थळावरील दुव्यावर बोट ठेवले की, काही क्षणांत पुस्तकाचे मुखपृष्ठ समोर येते. या काही क्षणांत काय काय घडते, ते आता क्रमाने पाहू.

१. अंक आणि अक्षर

संगणकाच्या स्मृतीत माहितीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. त्याची किंमत शून्य किंवा एक, यांपैकी एकच असू शकते. केवळ या दोन चिन्हांवर चालणाऱ्या गणनेला द्विमान पद्धती म्हणतात. आठ बिटांचा मिळून एक बाइट होतो, आणि आठ बिटांच्या २५६ निरनिराळ्या मांडण्या होत असल्यामुळे एका बाइटात ० पासून २५५ पर्यंतचा कोणताही एक अंक मावतो. फाइल म्हणजे अशा बाइटांची क्रमवार रांग होय. याहून अधिक किंवा उणे काहीही नाही.

या अंकांना अर्थ येतो तो संकेतामुळे. ८० हा अंक आपण रोमन लिपीतील ‘पी’ या अक्षरासाठी योजावयाचा असे ठरवले, तर तो ‘पी’ होतो. चित्रातील एखाद्या ठिपक्याची उजळी मोजण्यासाठी योजला तर तोच अंक एक करडी छटा होतो. रोमन अक्षरांसाठी ‘आस्की’ नावाचा संकेत १९६३ साली ठरला. तो ० ते १२७ एवढ्याच अंकांत भागला. जगातील सर्व लिप्यांना सामावणारा ‘युनिकोड’ हा संकेत १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीतील ‘क’ या वर्णाचा क्रमांक २३२५ आहे. एवढा मोठा अंक एका बाइटात मावत नाही. म्हणून ‘यूटीएफ-८’ या लेखनपद्धतीत तो २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांनी लिहितात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. तेव्हा त्याला पंधरा बाइट लागतात.

ज्या फाइलीतील सर्व बाइट अशा एखाद्या अक्षरसंकेताने वाचावयाचे असतात, तिला मजकुराची फाइल म्हणतात. संकेतस्थळांची साधी पाने या प्रकारात मोडतात. ज्या फाइलीतील बाइट अक्षरांचे नसून चित्र, ध्वनी, आकुंचित माहिती किंवा पानाची रचना यांचे असतात, तिला द्विमान फाइल म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः दोन्ही प्रकारांत असतात ते बिटच. भेद आहे तो वाचण्याच्या रीतीचा. हा भेद क्षुल्लक वाटतो, परंतु पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे.

२. वेष्टनावरील चिठ्ठी आणि अंगावरील खूण

रेल्वेने पार्सल पाठवताना वेष्टनावर चिठ्ठी लावतात. त्याचप्रमाणे सर्व्हर, म्हणजे जेथे फाइल ठेवलेली असते तो संगणक, फाइल पाठवण्यापूर्वी तिच्याविषयी काही ओळी पाठवतो. त्यांतील एका ओळीत फाइलीचा प्रकार सांगितलेला असतो. ही प्रकार सांगण्याची पद्धत मुळात विद्युत-टपालाकरिता नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी १९९२ साली मांडली आणि पुढे ती संकेतस्थळांनीही स्वीकारली. पीडीएफ फाइलीच्या चिठ्ठीवर ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’ असे लिहिलेले असते. ते वाचून ब्राउझर ठरवतो की, ही वस्तू साध्या पानासारखी मांडावयाची नसून पीडीएफ दर्शकाच्या हाती द्यावयाची आहे.

चिठ्ठी चुकली तर काय होते? सर्व्हरने प्रकार म्हणून ‘नुसते बाइट’ एवढेच कळवले, तर ब्राउझर फाइल दाखवण्याच्या भानगडीत न पडता ती उतरवून घेतो. ‘ही वस्तू जोडपत्र म्हणून द्यावी’ अशी दुसरी एक सूचना असते; तिचाही परिणाम तोच. एकच पुस्तक एका संकेतस्थळावर पडद्यावर उघडते आणि दुसऱ्यावर उतरवले जाते, याचे कारण पुष्कळदा पुस्तकात नसून या चिठ्ठीत असते.

परंतु चिठ्ठीखेरीज वस्तूच्या अंगावरही खूण असते. भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रुळाच्या मधल्या भागावर, तो तप्त असतानाच, उत्पादक, निर्मितीचा महिना व वर्ष आणि रुळाची जात यांच्या खुणा उठावदार उमटवतात. कागदपत्रे हरवली तरी रुळाची ओळख हरवत नाही. फाइलींचे तसेच आहे. पीडीएफ फाइलीच्या आरंभी ३७, ८०, ६८, ७०, ४५ हे पाच बाइट असतात. आस्कीनुसार वाचले तर त्यांचा अर्थ टक्क्याचे चिन्ह, पी, डी, एफ आणि आडवी रेघ असा होतो. जेपेग जातीचे छायाचित्र २५५, २१६, २५५ या बाइटांनी सुरू होते. आकुंचित ‘झिप’ फाइलीचा प्रारंभ ८० व ७५ यांनी, म्हणजे ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी होतो. ती तिचे निर्माते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत.

पीएनजी जातीच्या चित्राची खूण विशेष मनोरंजक आहे. तिचे आठ बाइट असे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतील १३ व १० हे अंक मजकुरात ओळ संपल्याचे दर्शवतात. काही संगणकप्रणाली ओळीच्या शेवटी केवळ १० लिहितात, तर काही १३ आणि १० असे दोन्ही. मजकूर एकीकडून दुसरीकडे नेताना जुन्या प्रेषकप्रणाली हा बदल आपण होऊन करीत. मजकुराला त्याने अपाय होत नसे. परंतु चित्रात १० हा अंक ओळीचा शेवट नसून रंगाचा अंश असतो, आणि त्याच्या जागी दोन बाइट आले की चित्र नासते. पीएनजीच्या रचनाकारांनी म्हणून हेच नाजूक बाइट मुद्दाम आरंभी ठेवले. कोणी ढवळाढवळ केली असेल तर ती पहिल्या आठ बाइटांतच उघडकीस येते. पीडीएफच्या दुसऱ्या ओळीत १२७ हून मोठे काही बाइट घालण्याची शिफारस आहे, तीही अशाच कारणाने : ‘हा मजकूर नव्हे, यास हात लावू नये’ असा तो इशारा असतो.

फाइलीच्या नावापुढील शेपूट, जसे ‘डॉट पीडीएफ’, हे केवळ नाव होय. ते बदलल्याने फाइलीच्या अंतरंगात एका बिटाचाही फरक पडत नाही.

३. शेवटापासून वाचावयाचे पुस्तक

पीडीएफची कल्पना अडोबी या अमेरिकन संस्थेचे सहसंस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ साली मांडली आणि १९९३ साली ते स्वरूप प्रसिद्ध झाले. कोणत्याही संगणकावर व कोणत्याही मुद्रकावर पान हुबेहूब सारखेच दिसावे, हा तिचा उद्देश होता. २००८ साली या स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला; त्यामुळे आज त्याचे नियम कोणाही एका संस्थेच्या मालकीचे नाहीत.

या फाइलीची रचना चमत्कारिक आहे. तिच्यात पाने, चित्रे, अक्षरांचे साचे इत्यादी वस्तू क्रमांक देऊन ठेवलेल्या असतात. पण त्या कोणत्याही क्रमाने असू शकतात. कोणती वस्तू आरंभापासून कितव्या बाइटावर आहे याची एक सूची असते, आणि ही सूची बहुधा फाइलीच्या शेवटी असते. ती कोठे सुरू होते तो अंक अगदी अखेरच्या ओळींत दिलेला असतो. म्हणून वाचणारी प्रणाली प्रथम शेवट गाठते, तेथून सूचीकडे जाते आणि सूचीवरून हवे ते पान काढते. ग्रंथालयात शिरल्यावर आपण सर्व कपाटे धुंडाळीत नाही. तालिका पाहतो आणि नेमक्या कपाटाकडे जातो. हा तसाच प्रकार होय.

सूची शेवटी ठेवण्यात एक सोय आहे. पुस्तकात दुरुस्ती करावयाची झाल्यास जुने काहीही न खोडता नवा भाग व नवी सूची शेवटी जोडता येते. परंतु त्यात एक गैरसोयही आहे. तीन कोटी बाइटांची फाइल कुरुदच्या मुलाकडे सेकंदाला दहा लाख बाइट या गतीने येत आहे असे समजा. सूची शेवटी असल्यामुळे पहिले पान दिसण्यासही त्याला तीस सेकंद थांबावे लागेल.

यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय सर्व्हरशी बोलण्याच्या नियमांत आहे. १९९७ सालच्या नियमावलीनुसार ब्राउझर ‘मला अमुक बाइटापासून तमुक बाइटापर्यंतचाच तुकडा द्यावा’ अशी मागणी करू शकतो, आणि सर्व्हर ते मान्य करीत असल्यास २०६ हा क्रमांक देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. मग दर्शक प्रथम शेवटचा तुकडा मागवतो, सूची वाचतो आणि पहिल्या पानाला लागणारे बाइट तेवढे आणवतो. दुसरा उपाय फाइल तयार करणाऱ्याच्या हाती आहे. पहिल्या पानाच्या वस्तू आणि त्यांची सूची फाइलीच्या आरंभीच ठेवावयाची. अशा फाइलीला रेखित फाइल म्हणता येईल. ग्रामीण भागातील शाळांना वा मंद जोडणीवरील ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या संस्थांनी या दोन गोष्टी सांभाळल्या, तर वाचकाचा कितीतरी वेळ वाचतो.

४. पान कसे रचले जाते

सूचीवरून पानाची वस्तू सापडली की, तिच्यातील माहिती बहुधा आकुंचित स्थितीत असते. आकुंचनाचे तत्त्व सोपे आहे. मजकुरात जे पुन्हा पुन्हा येते ते दर वेळी संपूर्ण न लिहिता ‘इतके मागे जाऊन इतके बाइट घ्यावेत’ एवढेच लिहावयाचे. हे तत्त्व याकोब झिव्ह व अब्राहम लेंपेल यांनी १९७७ साली मांडले. त्याला १९५२ सालच्या डेव्हिड हफमन यांच्या युक्तीची जोड देतात : जी चिन्हे वरचेवर येतात त्यांना थोडे बिट द्यावयाचे, आणि जी क्वचित येतात त्यांना अधिक. दर्शक प्रथम ही घडी उलगडतो.

उलगडल्यावर हाती येतात त्या रेखाटनाच्या आज्ञा. पान हे एक आलेखपत्र मानलेले असते. त्याचा आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि मोजण्याचे एकक इंचाचा बहात्तरावा भाग. ए-४ आकाराचे पान अशा ५९५ एककांइतके रुंद व ८४२ एककांइतके उंच असते. ‘अमुक ठिकाणी जा; अमुक साच्यातील पंधरावे चित्राक्षर अमुक मापाने काढ; येथून तेथवर रेघ ओढ; हे चित्र या चौकटीत बसव’ अशा त्या आज्ञा असतात. खिळे जुळवणारा जुना जुळारी हस्तलिखित पाहून एकेक खिळा उचलून ओळीत बसवी. दर्शक तेच काम निमिषार्धात करतो.

प्रारंभी हे काम ब्राउझरचे नसे. त्यासाठी निराळी प्रणाली ब्राउझरला जोडावी लागे. गूगल संस्थेच्या क्रोम ब्राउझरात २०१० साली अंगभूत दर्शक आला. मोझिला संस्थेने ‘पीडीएफ.जेएस’ नावाचा दर्शक २०११ साली पुढे आणला आणि २०१३ साली तो फायरफॉक्समध्ये अंगभूत झाला. त्याची विशेषता अशी की, संकेतस्थळांची पाने ज्या जावास्क्रिप्ट भाषेत चालतात त्याच भाषेत तो लिहिलेला आहे. त्यामुळे कोणतेही संकेतस्थळ तो आपल्या पानात बसवू शकते. तो आज्ञांनुसार एका कोऱ्या फलकावर पान रंगवतो आणि त्यावर तोच मजकूर अदृश्य अक्षरांत पसरतो. आपण पडद्यावर ओळ निवडतो तेव्हा दिसते ते खालचे रंगवलेले पान. हाती लागतो तो वरचा अदृश्य मजकूर. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

५. कोरी पाने

आता एक असा बिघाड पाहू की, जो अनेक संकेतस्थळांच्या रचनाकारांना कोड्यात पाडतो. फाइल सर्व्हरवर उत्तम आहे, उतरवून घेतली तर नीट उघडते. परंतु संकेतस्थळाच्या पानात दाखवली की पानांची संख्या बरोबर येते आणि पाने मात्र सर्व कोरी! असे का व्हावे?

कारण असे. रचनाकाराने जावास्क्रिप्टकरवी फाइल मागवली, परंतु बाइटांची रांग म्हणून न मागवता मजकूर म्हणून मागवली. ब्राउझर आज्ञाधारक असतो. तो आलेले बाइट यूटीएफ-८ च्या नियमांनी वाचू लागतो. ० ते १२७ या बाइटांना तो काही करीत नाही. परंतु १२७ हून मोठे बाइट नेमून दिलेल्या क्रमानेच यावयास हवेत, जसे ‘क’ साठी २२४, १६४, १४९. आकुंचित माहितीत सुमारे निम्मे बाइट १२७ हून मोठे असतात आणि ते या क्रमाने येणे हा केवळ योगायोग. जे बाइट नियमात बसत नाहीत त्यांच्या जागी ब्राउझर एकच चिन्ह घालतो : काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह. १३० असो, १९९ असो वा २५१ असो, सर्वांच्या जागी तेच. लिहिताना या चिन्हाचे पुन्हा तीन बाइट होतात, ते म्हणजे २३९, १९१ आणि १८९. त्यामुळे फाइल फुगते, सूचीतील जागा चुकतात आणि मूळ अंक कोणता होता हे कळण्याचा मार्ग कायमचा बंद होतो.

मग पानांची संख्या बरोबर कशी? पुष्कळ पीडीएफ फाइलींत वस्तूंचे क्रमांक, पानांची यादी व मापे हा सांगाडा साध्या रोमन अक्षरांत, म्हणजे १२७ पर्यंतच्या बाइटांत लिहिलेला असतो. तो या आपत्तीतून सुखरूप वाचतो. सूची चुकली आहे असे पाहून चांगला दर्शक फाइल पहिल्यापासून चाळतो आणि सांगाडा पुन्हा उभारतो. पाने मोजली जातात. परंतु त्यांवर रेखाटावयाच्या आज्ञा आकुंचित असल्यामुळे नासलेल्या असतात, आणि उलगडता न आल्याने कोरे पानच समोर येते. घर उभे, पण आत माणूस नाही, अशी ही अवस्था.

उपाय सरळ आहे. फाइल प्रथमपासून शेवटपर्यंत बाइटांची रांग म्हणूनच हाताळावी. जावास्क्रिप्टमध्ये अशा रांगेसाठी निराळी पात्रे आहेत : ‘अ‍ॅरे बफर’ म्हणजे कच्च्या बाइटांचा साठा आणि ‘ब्लॉब’ म्हणजे प्रकाराची चिठ्ठी लावलेला गठ्ठा. या गठ्ठ्याला ब्राउझर एक तात्पुरता पत्ता देऊ शकतो आणि त्या पत्त्यावर दर्शक पुस्तक उघडतो. काही वेळा फाइल अक्षरांच्याच वाटेने न्यावी लागते. तेव्हा ‘बेस-६४’ ही पद्धत योजतात. तीत तीन बाइटांचे २४ बिट सहा-सहा बिटांच्या चार गटांत विभागून प्रत्येक गटासाठी एक निरुपद्रवी अक्षर लिहितात. माहिती सुरक्षित राहते. मात्र तिनाचे चार होत असल्यामुळे तीन कोटी बाइटांचे पुस्तक चार कोटींचे होते. म्हणून गरज असेल तेथेच ती वापरावी.

६. दिसणे आणि असणे : मराठीचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट सूचित झाली आहे. पीडीएफमधील आज्ञा ‘क हा वर्ण लिही’ असे सांगत नाही. ‘पंधरावे चित्राक्षर काढ’ असे सांगते. ते चित्राक्षर कोणत्या वर्णाचे, हे सांगणारे कोष्टक फाइलीत निराळे जोडावे लागते. ते नसले तरी पान सुंदरच दिसते. परंतु संगणकाला ते केवळ चित्र असते.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी ग्रंथांची जुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींनी होत असे. अशा पद्धतींत देवनागरी चित्राक्षरे स्वतःच्या खास जागांवर, पुष्कळदा रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या अंकांवर बसवलेली असत. भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९९१ साली मानक म्हणून स्वीकारला होता. तरी मुद्रणात या खासगी मांडण्याच चालू राहिल्या. अशा पीडीएफमधून एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता हाती येतो.

युनिकोडयुक्त साचे वापरूनही अडचण संपत नाही. ‘किती’ हा शब्द पाहा. वाचताना आपण प्रथम क म्हणतो, मग इ. युनिकोडमध्येही आधी क व नंतर पहिली वेलांटी असाच क्रम आहे. परंतु कागदावर ती वेलांटी क च्या डावीकडे असते, आणि रेखाटनाच्या आज्ञा डावीकडून उजवीकडे जातात. दर्शकाने चित्राक्षरांच्या क्रमानेच वर्ण गोळा केले तर वेलांटी अगोदर येते आणि शब्द मोडतो. ‘क्ष’ सारख्या जोडाक्षराचे चित्राक्षर एकच असते, पण त्याच्या पोटात क, पायमोड्याचे चिन्ह आणि ष असे तीन वर्ण असतात. ‘सूर्य’ मधील रफार लिहिला जातो शेवटी, पण त्याचा वर्ण येतो य च्या आधी. हे सर्व संबंध कोष्टकात नीट नोंदले नसतील तर पान दिसते शुद्ध आणि मजकूर असतो अशुद्ध. एखाद्या शब्दसमूहाचा खरा मजकूर आज्ञांशेजारी लिहून ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे. परंतु तिचा उपयोग फाइल तयार करणाऱ्याने करावयास हवा.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. पान तर वाचता येते! ज्याला डोळे आहेत त्याला वाचता येते. अंध विद्यार्थी मजकूर उच्चारून दाखवणाऱ्या प्रणालीवर अवलंबून असतो, आणि ती प्रणाली रंगवलेले पान वाचत नाही. वरचा अदृश्य मजकूर वाचते. तो मोडलेला असेल तर त्याच्यापुरते ते पुस्तक बंदच असते. ग्रंथपालाने दोनशे पुस्तकांतून एखादा शब्द शोधू म्हटले तर तो सापडत नाही. शोधयंत्रांनाही तो दिसत नाही, आणि मराठीत झालेले लेखन असूनही नसल्यासारखे होते. याउलट मराठी विश्वकोशाचे उदाहरण पाहावे. १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला त्या कोशातील नोंदी आज संकेतस्थळावर युनिकोड मजकूर म्हणून वाचता येतात. म्हणून त्यांतील शब्द शोधता येतो, उचलता येतो आणि ऐकताही येतो.

७. पान दिसले म्हणजे खरे ठरले काय?

दस्तऐवज केवळ पुस्तकांचेच नसतात. महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा उतारा २०१८ पासून अंकीय सहीसह पीडीएफ स्वरूपात मिळू लागला. छत्तीसगडात खसरा व बी-१ हे जमिनीचे उतारे ‘भुइयां’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. तलाठ्याच्या वा पटवाऱ्याच्या शाईच्या सहीची जागा आता गणिताने घेतली आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यताही दिली आहे.

ही सही म्हणजे सहीचे चित्र नव्हे. फाइलीतील सहीची जागा वगळून उरलेल्या सर्व बाइटांवर एक गणिती क्रिया करून त्यांचा सारांक काढतात. प्रचलित पद्धतीत हा सारांक २५६ बिटांचा असतो. अधिकाऱ्याजवळील गुप्त किल्लीने त्या सारांकावर सही होते आणि तिच्या जोडीच्या जाहीर किल्लीने कोणालाही ती पडताळता येते. फाइलीतील एक बाइट जरी बदलला, क्षेत्राच्या आकड्यात एकाचा दोन जरी केला, तरी सारांक पूर्णपणे बदलतो आणि पडताळणी फसते.

येथे दोन गोष्टी ओळखून असाव्यात. ब्राउझरात पान दिसले याचा अर्थ रेखाटनाच्या आज्ञा पाळल्या गेल्या एवढाच. सही पडताळली गेली असा नव्हे. पडताळणी करणाऱ्या प्रणालीत ती फाइल मुद्दाम उघडून पाहावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, असा उतारा कागदावर छापला की सही मागेच राहते. कागदावर उमटते ते तिचे वर्णन. म्हणून ज्याचा व्यवहार त्या उताऱ्यावर अवलंबून आहे त्याने मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. तिचे पडद्यावरून टिपलेले छायाचित्र पुरेसे नाही.

८. शाळेत करून पाहण्यासारखे

पुढील प्रयोगांना एक संगणक व एक पीडीएफ फाइल पुरते. प्रयोग नेहमी फाइलीच्या प्रतीवर करावेत, मूळ फाइलीवर करू नयेत.

पहिला प्रयोग : प्रत साध्या मजकूर-संपादकात उघडा. पहिल्या ओळीत टक्क्याचे चिन्ह व पी-डी-एफ ही अक्षरे दिसतील, मध्यंतरी सांगाड्याचे रोमन शब्द आढळतील आणि त्यांच्यामध्ये आकुंचित भागाचा गोंधळ दिसेल. शेवटी सूचीची जागा सांगणारा अंक शोधा.

दुसरा प्रयोग : त्या संपादकात काहीही न बदलता प्रत जतन करा आणि ब्राउझरात उघडा. संपादकाने ती मजकूर समजून लिहिली असल्यास पाने कोरी येतील किंवा फाइल उघडणारच नाही. पाचव्या भागातील बिघाड हा असा डोळ्यांनी पाहता येतो.

तिसरा प्रयोग : निरनिराळ्या मराठी पीडीएफ फाइलींतून एकेक ओळ उचलून संपादकात ठेवा. ‘किती’, ‘सूर्य’, ‘क्षमा’ असे शब्द जसेच्या तसे आले काय, ते तपासा. आपल्या ग्रंथालयातील कोणती पुस्तके दिसतात तशीच ‘आहेत’, याची यादी या रीतीने सहज करता येईल.

समारोप

पुण्यात रचलेले पान कुरुदच्या पडद्यावर उमटते, यात जादू काहीच नाही. चिठ्ठी बरोबर असावी, बाइट वाटेत बदलू नयेत, सूची सापडावी, घडी उलगडावी आणि चित्राक्षरांच्या मागे खरे वर्ण उभे असावेत, एवढ्या पाच अटी पुऱ्या झाल्या की पान उमटते. यांतील पहिल्या चार अटी तुटल्या तर बिघाड तत्काळ दिसतो आणि कोणीतरी तो दुरुस्त करतो. पाचवी तुटली तर काहीच दिसत नाही. पान सुंदरच राहते, आणि तोटा होतो तो ज्याला ते डोळ्यांनी वाचता येत नाही त्याचा व उद्या त्यात काही शोधू पाहणाऱ्याचा. म्हणून मराठी पुस्तके फाइलरूपाने सिद्ध करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शाळेने व ग्रंथालयाने पान पाहून समाधान मानू नये. त्यातील एक ओळ उचलून पाहावी. ती ओळ मराठीत आली, तरच ते पुस्तक खऱ्या अर्थाने मराठी वाचकाच्या हाती पडले असे म्हणता येईल.